पूजेतल्या वह्या

दुसरं महायुद्ध संपलं त्या साली देवीदास अमरावतीच्या एका नव्या कॉमर्स कॉलेजात हिशेबशास्त्र शिकवत असे. घरचा धंदा बागायतीचा. आई पार्बताबाई अजून बाजारात वांगी-मेथी घेऊन बसायची. विभागात दोन मास्तर, एक कपाट आणि विलायती कंपन्यांवरची जुनी पुस्तकं. विभागप्रमुख केशवराव एक दिवस म्हणाले, दिवाळी झाली की विद्यापीठाची कमिटी येणार. दुसरीकडे नाही असं काही आपल्याजवळ असेल, तरच संशोधनाची परवानगी मिळेल.

देवीदासच्या डोक्यात एक गोष्ट कधीची घोळत होती. आगगाडी आली आणि वऱ्हाडातला कापसाचा व्यापार पालटला. पण व्यापाऱ्यांची हिशेब ठेवायची रीत कशी पालटली, ते कोणी पाहिलंच नव्हतं. ते पाहायचं तर त्यांच्या जुन्या वह्या हव्यात. तो धामणगाव रेल्वेला कापसाचा जुना व्यापारी ओमप्रकाश शेठ याच्याकडे गेला. शेठने चहा पाजला, घरच्यांची विचारपूस केली, आणि वह्यांचं नाव काढताच मान हलवली. हा इन्कम टॅक्सवाल्यांचा माणूस, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. पुढच्या खेपेला तर चहाही आला नाही.

त्यानंतर पार्बताबाई सोबत निघाली. तिला धामणगावात बहिणीकडे जायचं होतं, पण मुलाचं उतरलेलं तोंड पाहून ती आधी शेठच्या मागच्या ओसरीवर जाऊन बसली. शेठची म्हातारी आई मेथी निवडत होती. दोघींचं चांगलंच जमलं. बोलता बोलता म्हातारीने मनातलं सांगितलं. माळा वह्यांनी भरला होता, उंदीर लागले होते. पण लक्ष्मीपूजनाला पूजलेल्या वह्या रद्दीत घालायला कोणाचा जीव होत नव्हता.

पार्बताबाई ओसरीवरून उठून पुढे बैठकीच्या खोलीत आली आणि शेठसमोरच मुलाला म्हणाली, "वह्या पूजेतल्या आहेत रे. तू त्याइची पूजा करशीन का?"

देवीदासने लगेच कबूल केलं. दर दिवाळीला पूजा करीन, म्हणाला, आणि कोणाचंही नाव छापणार नाही.

शेठने माळ्याला शिडी लावायला सांगितली. मग म्हणाला, "मास्तर, हे पहिलेच काहून नाही सांगितलं?"

वह्या रेल्वेने बडनेऱ्याला आल्या, तिथून बैलगाडीने कॉलेजात. बातमी पसरली तशा अकोल्याच्या अडत्यांनीही आपापल्या वह्या धाडल्या. कपाट भरलं, केशवरावांची खोली भरली. ते बिचारे व्हरांड्यात खुर्ची टाकून बसू लागले. मोडी देवीदासला येत होती. मारवाडी व्यापाऱ्यांची मुडिया लिपी मात्र त्याला वाचता येईना, तेव्हा शेठ स्वतः शनिवारच्या गाडीने येऊन शिकवू लागला. चुकलं की रागवायचा, आणि मग डब्यातला लाडू पुढे करायचा.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी बायकामुलांसह कॉलेजात जमले. पार्बताबाईने टोपलीभर झेंडू आणला होता. पुढच्या आठवड्यात कमिटी आली, तेव्हा वह्यांवर कुंकू तसंच होतं. एका सभासदाने कपाळाला आठ्या घालून विचारलं, हा विभाग आहे की देऊळ? केशवराव एरवी वरिष्ठांपुढे चाचरायचे. त्या दिवशी त्यांनी शांतपणे एक वही उघडून त्याच्या हातात दिली आणि देवीदासला समजावून सांगायला लावलं. एकीतून दुसरी निघत गेली. संध्याकाळची नागपूरची गाडी चुकली, तरी कमिटीतलं कोणी उठलं नाही.

परवानगी मिळाली, वह्यांसाठी वेगळी खोलीही मिळाली. संशोधनाला पहिली विद्यार्थिनी आली ती अकोल्याची शकुन. तिने शेंदूरजनाघाटच्या संत्रा व्यापाऱ्यांच्या वह्या घेतल्या. मुडिया ती देवीदासपेक्षा लवकर शिकली, आणि शेठ ही गोष्ट भेटेल त्याला सांगत राहिला, देवीदासच्या देखतसुद्धा.