खुंटीवरची ट्यूब

मंगळवार पेठेत तेव्हा मोटारसायकली बोटांवर मोजण्याइतक्या. लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या त्या दणकट गाड्या आसपासच्या बागायतदारांनी हौसेने घेतल्या आणि चिखलाच्या गाडीवाटांवर त्यांच्या टायरांची पार वाट लावली. ती सगळी दुखणी पिराजीच्या दुकानात यायची. दुकान तरी कसलं, पत्र्याचं छप्पर, पाण्याने भरलेली जुनी काहील आणि भिंतभर खुंट्या.

टायर बदलला की गिऱ्हाईक म्हणायचं, "जुनीच ट्यूब घाला की." पिराजी लगेच हो म्हणणाऱ्यातला नव्हता. जुनी ट्यूब तो नव्या टायरवर गोल ठेवून बघायचा. ताणून लांब झालेली असली तर बाजूला. व्हॉल्व्हच्या बुडाशी चीर असली तरी बाजूला. बाकी ठिगळं कितीही असोत, त्याला चालायची. पास झालेल्या ट्यूबला मात्र तो पंप लावायचा नाही. पिन काढून तोंडानेच फुंकायचा, जेमतेम गोल होईपर्यंत, म्हणजे टायरात घालताना घडी पडत नाही. मग पिन लावून खुंटीला टांगायचा. त्याचे गाल फुगले की बायको चिमणाबाई ठिगळं घासता घासता हसायची.

"हसतीस काय? फुकटची हवा हाय," तो म्हणायचा. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

चोपन्नच्या उन्हाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि पिराजी गेला. चिमणाबाईने पदर खोचून दुकान उघडलं. खुंट्यांवरच्या ट्यूबा एकेक करून गेल्या. मालक परत न फिरकलेली एक तेवढी तिने कुणाला दिली नाही. तिच्यात नवऱ्याचा श्वास होता. रोज सकाळी ती अंगठ्याने दाबून बघायची. ट्यूब हळूहळू मऊ पडत चालली होती.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी गडमुडशिंगीचा गुंडू गाडी ढकलत आला. शहाण्याने घरीच नवा टायर चढवून आत जुनी लांबडी ट्यूब कोंबली होती. चाक सोडवून बघितलं तर घडी पडून ती चिरली होती.

"वैनी, आक्काला आणाय बिद्रीला निघालोय. लगीन झाल्यापास्नं पैलीच पंचमी तिची. उंबऱ्यात बसून वाट बघत आसंल. नवी ट्यूब कुठंच घावंना." त्याची नजर खुंटीवर गेली. "ती हाय की!"

"ती द्यायची न्हाय," चिमणाबाई फाडकन बोलली.

गुंडू हिरमुसला. चाक उचलू लागला. पण उंबऱ्यात बसलेली ती पोर काही चिमणाबाईच्या डोळ्यांपुढून हलेना. न येणाऱ्याची वाट बघणं काय असतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ती उठली. ट्यूब खुंटीवरून काढून तिने क्षणभर छातीशी धरली आणि चाकापाशी आणली.

गुंडूने पिन सोडवायला हात घातला. "हवा काढतो हिच्यातली."

"हात लावू नगासा! टायरात बसाय लागती तेवढीच हवा हाय तिच्यात. आमच्या ह्यांनी भरल्याली."

गुंडूने हात मागे घेतला. चिमणाबाईने ट्यूब स्वतः आत बसवली. कुठेही घडी पडली नाही. मग त्याच हवेवर तिने पंप मारायला घेतला. मारता मारता तिला रडू आलं, पण हात थांबला नाही.

गाडी सुरू झाली.

"दमानं जावा, भावजी," ती म्हणाली. "एकलं न्हाईसा तुमी."