भाषण मागे घ्यायला लावणाऱ्या कुसुमताई

वैद्य कुसुमताईंची आणि माझी पहिली भेट टाकवे बुद्रुकच्या सभेत झाली. दसरा नुकताच होऊन गेला होता. डोंगरउतारावरचं गवत फुलोऱ्याला आलं की दरवर्षी माझे डोळे चुरचुरायचे, नाक वाहायचं. त्या दिवशी मी अंधश्रद्धेवर तासभर कडाडलो, पण निम्मा वेळ शिंकण्यातच गेला. सभेनंतर ताई पुढे येऊन म्हणाल्या, "भाऊ, विचार पटले. पण आज टाळ्यांपेक्षा शिंकाच जास्त झाल्या!"

रोग्याचं घर पाहिल्याशिवाय ताई काही सांगत नाहीत. आमच्या औंढ्याच्या घरी आल्या त्या थेट झोपायच्या खोलीत शिरल्या. खिडकीखालीच गवताची गंजी रचलेली. "बैलांची सोय उशाशी केलीत होय?" गंजी त्याच दिवशी हलली. मग शेतातून आल्यावर आधी अंघोळ, सकाळी खिडक्या बंद, उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यानं नाक धुणं, जेवणात गरम कुळथाचं कढण, आलं, ताज्या भाज्या आणि जागरणांना रजा. "जेवणानं बळ येतं, आराम पडतो. पराग काही तुम्हाला घाबरून पळत नाहीत," हेही त्यांनी बजावलं होतं. तेवढंच मी सोयीनं विसरलो.

पुढच्या वर्षी माझा त्रास बराच कमी झाला, आणि मी बेफाम झालो. टाकव्यातच, देवळासमोर गरजलो, "निसर्गाकडे चला! ते दम्याचे पंप फेकून द्या!" टाळ्या थांबेनात.

त्या टाळ्यांत हिराबाई होत्या. त्यांना दमा. त्यांनी पंप खरंच उकिरड्यावर टाकला. आठवड्यानं भात झोडताना खळ्यावरच त्यांचा श्वास कोंडला. योगायोगानं ताई गावात होत्या. त्यांनी हिराबाईंना जीपमध्ये ताठ बसवलं, पाठीला हात देत दवाखान्यात नेलं. हिराबाई वाचल्या.

दुसऱ्या दिवशी ताई माझ्या दारात उभ्या. मी गडबडून म्हणालो, "पत्रक काढतो, ताई."

"पत्रक नको. टाळ्या तोंडी घेतल्यात, माफीही तोंडीच मागा. त्याच ठिकाणी."

आयुष्यात इतकं लहान भाषण मी केलं नाही. मी चुकलो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही औषध सोडू नका, एवढंच बोललो. ताई पहिल्या रांगेत होत्या. घरी परतलेल्या हिराबाई उठून म्हणाल्या, "भाऊ, तुमी बोलता लय भारी. पर माजा जीव गेलता की वो!" कुणी हसलं नाही. सभेनंतर मात्र ताईंनी डब्यातलं गरम कढण माझ्यापुढे ठेवलं. "घ्या. माफी मागायलाही अंगात बळ लागतं."

मी पुष्कळ वाचलं, पुष्कळ व्यासपीठं गाजवली. पण आपल्याच शास्त्राचा जयजयकार थांबवणारा माणूस मला एकच भेटला. खरी निष्ठा मी तिथं पाहिली. हिराबाई आजही भात झोडतात, नाकाला फडकं बांधून आणि पंप कमरेच्या पिशवीत ठेवून.

कुसुमताई, पंचाहत्तराव्या वर्षी तुमच्यासाठी धडधाकट शंभरी मागताना मला संकोच वाटत नाही, कारण मागणं स्वार्थाचं आहे. माझ्यासारखे बोलणारे मावळात पुष्कळ आहेत. आम्हाला दारात येऊन थांबवणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात.