मास्कमध्ये न मावणारी मिशी

मी न्यूझीलंडमध्ये, टौरंगाजवळच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. हे ऐकलं की भारतातले नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात, "पेशंटचं तुला काही लागत नाही ना गं?" लागतं की! हिवाळा सुरू झाला की सर्दी, फ्लू, उलट्या-जुलाब, सगळे आळीपाळीने आम्हालाही भेटून जातात. ते आठवडाभरात बरं होतं. किस्से मात्र बरे होत नाहीत. चहाच्या टेबलावर कोणी नुसतं शिंकलं की एकेक बाहेर पडायला लागतो.

*

सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आल्या आणि घरात नवे नियम लागू झाले. "ड्यूटीवरून आलीस ना? कशालाही शिवू नकोस!" शूज गॅरेजमध्ये, कपडे थेट मशिनमध्ये, आंघोळीशिवाय स्वयंपाकघरात पाऊल नाही. लेक मिठी मारायला धावली तरी आजी मध्ये आडवी.

एकदा हेलन चहाला आली. हेलन म्हणजे आमच्या हॉस्पिटलची इन्फेक्शन कंट्रोल नर्स. वर्षभर आम्हाला हात धुवायला शिकवणं हे तिचं काम! सासूबाईंनी तिलाही दारात अडवलं आणि खुणेनं गॅरेजमधला नळ दाखवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हेलननं निमूट शूज काढले, कोपरापर्यंत हात धुतले आणि मला हळूच विचारलं, "तुझ्या सासूबाई आमच्या सर्जन लोकांसाठी मिळतील का?"

*

एका हिवाळ्यात उलट्यांची साथ आली आणि निम्मा स्टाफ घरी बसला. आमची चार्ज नर्स मारामा मनानं लोणी, पण आवाज असा की कार पार्कपर्यंत जातो. तिनं फर्मान काढलं, "टी-रूममध्ये एका बाऊलमध्ये दहा जणांचे हात चालणार नाहीत!"

आमची नाशिकची फार्मासिस्ट अश्विनी नेमकी त्या दिवशी डबाभर चकल्या घेऊन आलेली. ती काय हार मानते? लॅबला नमुने पाठवायच्या कोऱ्या पिशव्या घेतल्या, प्रत्येकीत एकेक चकली भरली आणि ट्रे काउंटरवर ठेवला. मारामा खूश, "स्वीट अ‍ॅज!" म्हणजे इथल्या भाषेत झकास.

आम्ही राउंड संपवून आलो तर ट्रे गायब. नमुने घेऊन जाणाऱ्या माणसानं कर्तव्यदक्षपणे सगळं लॅबला पोचवलं होतं! आता बोलणी खावी लागणार म्हणून अश्विनी फोनपाशीच बसली. फोन आलाच.

"तुमचे नमुने तपासले," लॅबवाला गंभीरपणे म्हणाला. "निष्कर्ष काढायला अपुरे आहेत. आणखी पाठवा."

*

आता आमच्या संग्रामकडे वळू. संग्राम कोल्हापूरकडचा, वॉर्डातला सगळ्यात धिप्पाड नर्स. मिशी अशी पिळदार, की पेशंट आधी तिच्याशी बोलतात.

आमच्याकडे मास्क तोंडावर नीट बसतो का, याची टेस्ट असते. मास्क लावायचा, डोक्यावर प्लास्टिकचा टोप चढवायचा आणि आत कडू फवारा मारायचा. कडू लागलं तर मास्क गळका, म्हणजे तुम्ही नापास. संग्रामला पहिल्याच फवाऱ्यात कारलं खाल्ल्यासारखं झालं.

"मिशी काढ," हेलन म्हणाली.

"बाप हयात असताना मिशी उतरवायची नसते, आमच्यात," संग्राम मराठीतच म्हणाला. मी भाषांतर केलं. हेलननं हात टेकले.

मग त्याच्यासाठी हवेचा पंप लावलेला भलामोठा हूड आला. पांढराशुभ्र, पुढे काच, मागे घरघर. तो घालून हा पहिल्यांदा आत गेला तेव्हा खाटेवरच्या आजीबाईंनी डोळे किलकिले केले, त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि पर्स जवळ ओढून विचारलं, "चंद्रावर उतरलो का रे आपण?"

*

त्याच हिवाळ्यात संग्रामचे वडील, आबा, ऑकलंडमधल्या पापाटोएटोला राहणाऱ्या मुलीकडून ह्याच्याकडे यायला निघाले आणि वाटेतच तापानं फणफणले. गाडी थेट आमच्याच हॉस्पिटलच्या दारात. खोकला होता, म्हणून टीबी नाही ना हे कळेपर्यंत त्यांना बंद खोलीत ठेवलं. आबांना इंग्रजी येत नाही. जेवेनात, गोळ्या घेईनात. मी मराठीत विनवलं तर म्हणाले, "माझं पोरगं कुठाय? त्याच्या हातनं घेतो."

पोरगं काचेपलीकडे उभं! हूड नेमका दुरुस्तीला गेलेला. मारामा दारात आडवी. "तुला लागण झाली तर उद्या तूच माझ्या पेशंटना ती वाटशील. मास्क बसल्याशिवाय आत नाही." तिचे डोळे भरले होते, पण ती हलली नाही.

"ताई, मिशी उतरवली आणि आबास्नी काय झालं तर?" संग्रामनं मला विचारलं. मला तेव्हा अजिबात हसू आलं नाही.

"आणि तू आत गेला नाहीस आणि झालं तर?"

तो स्टाफच्या बाथरूममध्ये गेला. बाहेर आला तेव्हा मारामानंच विचारलं, "आपण कोण?" हेलननं तिथल्या तिथे टेस्ट घेतली. ह्या वेळी कडू लागलं नाही.

आत गेला. तोंडावर मास्क, त्यामुळे आबांना काही दिसलं नाही. लेकाच्या हातून पेज प्याले, गोळ्या घेतल्या, शांत झोपले. पुढे रिपोर्ट आले. टीबी नव्हता, साधा न्यूमोनिया! ताप उतरला, आबा उशीला टेकून बसायला लागले. सगळा वॉर्ड खूश. मारामा स्वतः खोलीचं दार सताड उघडून संग्रामला म्हणाली, "काढ तो मास्क आता. वडिलांना नीट तोंड तर दाखव!"

संग्रामनं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. त्यानं मास्क काढला.

आबांनी चष्मा मागितला. लेकाच्या ओठावर कितीतरी वेळ बघत राहिले. मग स्वतःच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे का ते तपासलं, आणि माझ्याकडे वळून विचारलं,

"सिस्टर, मी गेलो म्हणून ह्याला कुणी कळवलं?"