चार वर्षं बिडाच्या तुकड्यावर : शिरूर-दौंडचे दोन दिवस

पानशेतच्या अलीकडे चिखलातून गाडी काढताना जीपचा फोर-बाय-फोरचा दांडा माझ्या हातात आला. हातात आला म्हणजे मुठीसकट तुटून हातात आला. शेजारी बसलेला मिलिंद, माझा नवरा, शांतपणे म्हणाला, "आता तरी विक." मी जीप घेतल्यापासून, म्हणजे गेली चार वर्षं, तो हेच म्हणतोय, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही. नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघं आणि आमची अकरा वर्षांची सई ताम्हिणी उतरून कोकणात जाणार होतो. जीप माझ्या लग्नाआधीच्या जमान्यातली, तिचे भाग बनवणं कंपनीने कधीच सोडून दिलंय. भंगार बाजारात दोन शनिवार घालवले आणि हात काळे करून परत आले. मग एका जीपवाल्या मित्राने सांगितलं, शिरूरला एक आप्पा आहेत, जुन्या जीपचा कुठलाही भाग नमुना बघून हुबेहूब करून देतात. ठरलं, शनिवार-रविवार शिरूर.

आधीच सांगते, गेले होते दांडा करून घ्यायला, आणि तिथे कळलं की चार वर्षं मी पोरीला पुढच्या सीटवर बसवून कशाच्या भरवशावर घाट उतरत होते. पंधरा दिवस झाले, अजून मधेच आठवलं की घास हातात राहतो. तुमच्याकडे अशी जुनी जीप असेल तर ही पोस्ट शेवटपर्यंत वाचा. खाण्या-राहण्याचंही सांगतेच, शिरूरला जाऊन कुणी उपाशी राहू नये.

सईला आजीकडे सोडून शनिवारी पहाटे साडेपाचला कोथरूडहून निघालो. नगर रोडला जायचं तर सहाच्या आत वाघोली ओलांडा, नाहीतर तिथेच संसार मांडा. आम्ही सव्वासहाला पोचलो, म्हणजे अर्धा संसार मांडला. उरलेला शिक्रापूरच्या चौकात. रांजणगावला कंपन्यांच्या बसमधून पाळी सुटलेली माणसं पेंगत उतरत होती. गणपतीला रस्त्यावरूनच हात जोडले आणि पुढे एका टपरीवर मिसळ खाल्ली. दोघांचं चहासकट दोनशेच्या आत झालं. रस्सा असा जहाल की मिलिंदला गाडी विकायचं सांगायचीही शुद्ध राहिली नाही.

मारुतीआप्पांची शेड शिरूरच्या जुन्या वस्तीमागे आहे. ते राहतात निमोण्याला, रोज मोटारसायकलने येतात. वय पासष्टच्या पुढे, चष्म्याच्या काड्या दोऱ्याने बांधलेल्या. शेडमध्ये दोन लेथ, एक ड्रिल, आणि मागची अख्खी भिंत खुंट्यांची. खुंट्यांवर जीपचे भाग टांगलेले, आणि प्रत्येकाला लाल रंगाचा पट्टा.

"या डम्या," आप्पा म्हणाले. "लोक नमुना आणत्यात तो झिजलेला असतो. झिजलेल्यावरनं नक्कल केली तर मी झीजच विकली की. म्हणून आधी मापं काढून बिडाची डमी करायची. बीड स्वस्त, कापायला सोपं. ती गाडीला नीट बसली की मग पोलादाचा खरा माल. डमीला एक ठिपका ठोकायचा, लाल पट्टा मारायचा, आन् खुंटीला लावायची. डमी कवा गाडीत जात न्हाई. बीड दिसतं लोखंडावानी, पर एका दणक्यात काचंसारखं जातं."

मी माझा तुटका दांडा पुढे केला. त्यांनी तो बघितला न बघितल्यासारखा केला. "दांडा करू. आधी गाडी खड्ड्यावर घ्या."

"दांडा तर इथे आहे," मी म्हटलं. "गाडीला बाकी काही झालेलं नाही. सगळी ओरिजिनल आहे, एकही नकली भाग नाही." हे वाक्य मी जीपच्या ग्रुपवर इतक्यांदा लिहिलंय की तोंडात बसलंय.

"असंल. तरी घ्या."

पुणेकराच्या मनात अशा वेळी एकच शंका येते, की हा आता दहा कामं काढणार. मी मिलिंदकडे बघितलं, त्याने भुवया उडवल्या. तरी गाडी घेतली खड्ड्यावर. आप्पा दिवा घेऊन खाली उतरले आणि थेट स्टीअरिंगच्या खाली गेले. खालून खरवडल्याचा आवाज आला. ते वर आले तेव्हा त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, यांना चक्कर आलीय. मिलिंदने स्टूल पुढे केलं. ते बसले नाहीत.

"ताई, ही गाडी चालवत आनली तुम्ही?"

"मग काय ढकलत?"

"आता हलवू नका हिला."

ड्रॉप आर्म म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तुम्ही स्टीअरिंग फिरवता ते चाकांपर्यंत पोचवणारा वीतभर लांबीचा एक दणकट हात असतो, स्टीअरिंगच्या डब्याखाली. तो तुटला की तुमच्या हातात नुसतं गोल चक्र उरतं आणि चाकं त्यांना वाटेल तिकडे जातात. आप्पा म्हणत होते की माझ्या गाडीचा तो हात बिडाचा आहे. त्यांनी स्वतः केलेली डमी.

मी भडकलेच. म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं? काळा रंग लावलेला एक तुकडा आणि तुम्ही खालून नुसतं बघून सांगता?"

"आमचा आजा मेंढरं राखायचा," आप्पा म्हणाले. "चारशे मेंढरांतनं आपलं मेंढरू वळखायचा. मला माझी कानस वळखू येत न्हाई व्हय? आन् रंगाखाली ठिपका हाय. मी आत्ता खरवडला."

मला तरी पटेना. मग त्यांनी तो आर्म सोडवून बाहेर काढला, दोरीला टांगला आणि हातोडीने हलकेच टोला दिला. बद्. भिंतीवरच्या एका खुंटीवरून दुसरा आर्म आणला, तोही टांगला, तोच टोला. तो खणखणला, घंटेसारखा, किती तरी वेळ. मिलिंद म्हणाला, "सुनीता, हा वेगळाय." मग आप्पांनी माझ्या आर्मवर रॉकेल चोळलं, कोरडा पुसला आणि वर खडू घासला. आम्ही तिघं वाकून बघत होतो. पांढऱ्या खडूत हळूहळू एक काळी रेघ उमटली, भोकाच्या कडेपासून निघून जवळजवळ अर्ध्या रुंदीपर्यंत आलेली. चिरेत मुरलेलं रॉकेल खडूने बाहेर ओढलं होतं.

"तोडू?" आप्पांनी विचारलं.

मी मान हलवली. त्यांनी तो शेगड्यात, म्हणजे पकडीत, आवळला आणि मोठ्या हातोड्याने एकच घाव घातला. अर्धा भाग उडून माझ्या पायाशी पडला. माझ्या अपेक्षेपेक्षा आवाज फारच कमी झाला. मी खाली बसले. मला माळशेजचं वळण दिसत होतं, गेल्या पावसाळ्यातलं, सई खिडकीतून हात बाहेर काढून धबधबा पकडत होती आणि मी एका हाताने गाडी वळवत होते. चार वर्षांत किती वळणं झाली असतील ते मोजायला गेले आणि मला तिथेच उलटी झाली. मिसळीचा त्यात काही दोष नव्हता.

पाणी पिऊन झाल्यावर मी आप्पांना वाट्टेल ते बोलले. एवढा मोठा कारागीर म्हणवता, डमी बाहेर गेलीच कशी? त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर सांगितलं.

"सहा वर्षं झाली. खंडेनवमीला आम्ही हत्यारं धुऊन पूजेला मांडतो. त्या साली मलाच हौस आली, म्हनलं समदं कसं नव्यावानी दिसू द्या. काळा रंग आनला आन् हत्यारं, डम्या, तयार माल, सगळ्यावर हात फिरवला. एकाच सतरंजीवर मांडलं, झेंडू वाहिला. लाल पट्टं रंगाखाली गेलं, ठिपकं बुजलं. दुसऱ्या दिशी दसरा. एक व्यापारी मुहूर्ताला माल पायजे म्हणून आला. मी सतरंजीवरचं आर्म उचलून दिलं. दिवाळी झाल्यावर खुंटीवरची डमी काढली तर हातातनं पडली, आन् वाजली. डमी वाजत न्हाई, ताई. तवा कळलं की खरा माल खुंटीवर हाय आन् डमी कुणाच्या तरी गाडीत."

ते व्यापाऱ्याकडे गेले. व्यापाऱ्याने माल गॅरेजांना विकला होता, गॅरेजवाल्यांनी गाड्यांना बसवला होता, गाड्या नगर-साताऱ्यापर्यंत हातोहात गेल्या होत्या. आप्पांनी एसटीने फिरून जमतील तेवढ्या जीप वाकून बघितल्या. तेव्हापासून शेडमध्ये आलेली प्रत्येक जीप, कामाला कशालाही आलेली असो, आधी खड्ड्यावर जाते. खुंटीवरचा तो वाजणारा आर्म त्यांनी कुणाला विकला नाही. त्या दुपारी तोच माझ्या जीपला बसवला. वाजतो ते मी बसवायच्या आधी पुन्हा दोनदा ऐकलं.

रात्री स्टँडजवळच्या लॉजवर राहिलो. खोली हजार रुपयांत, स्वच्छ, गरम पाणी सकाळी फक्त तासभर. समोरच्या खानावळीत पिठलं-भाकरी चांगली मिळते असं मिलिंद म्हणाला. मला चव कळली नाही.

दांडा राहिलाच होता. तो तापवून वाकवायला लागतो आणि ते काम आप्पा दौंडच्या सॅमसनमामांशिवाय कुणाला देत नाहीत. रविवारी सकाळी निघालो. आप्पा माझ्या शेजारी पुढे बसले, मिलिंद मागे. पहिल्या वळणाला मी स्टीअरिंग गच्च धरून गरजेपेक्षा जास्तच वळवलं. आप्पा समोर बघत म्हणाले, "हळू चालवा, पर भिऊन चालवू नका. भिलेला मानूस जास्त वळवतो."

न्हावऱ्याचा रस्ता बरा आहे, फक्त डिसेंबरात उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकायची तयारी ठेवा. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन, मागे ना दिवा ना लाल फडकं. पारगावला भीमेवरचा पूल ओलांडला की उसाचा वास दाट होतो. केडगावच्या बाजूला गुऱ्हाळं लागली. एका ठिकाणी थांबून गरम काकवी प्यायलो आणि सईसाठी गुळाची एक ढेप घेतली. हा रस्ता एरवी मला फार आवडला असता.

सॅमसनमामांनी रेल्वेत लोहारकाम करून निवृत्ती घेतली. नाव सॅमसन आणि अंगकाठी शेवग्याच्या शेंगेची. घर केडगावला, भट्टी दौंडला रुळांपलीकडे. नाताळ आठवड्यावर आलेला, भट्टीच्या दारावर त्यांनी पत्र्याची चांदणी कापून लावली होती. आप्पा गाडीतून उतरायच्या आत त्यांनी विचारलं, "घावला?"

"घावला," आप्पा म्हणाले. "एक."

"मंजी अजून एक हाय."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्या दसऱ्याला दोन डम्या गेल्या होत्या. मी एकीची गोष्ट ऐकली होती आणि दुसरी अजून कुठल्या तरी रस्त्यावर होती, कुणाच्या तरी पोराला पुढच्या सीटवर बसवून.

माझा आवाज चढला. "सहा वर्षं तुम्ही एकेक गाडी वाकून बघताय? पेपरात का नाही दिलं? फोनवर टाकलं असतं तर दोन दिवसांत गावोगाव पोचलं असतं."

आप्पा चांदणीकडे बघत राहिले. मामाच बोलले, "मी बी हेच म्हनलो व्हतो. दर साली म्हनतो."

"भ्याव वाटलं," शेवटी आप्पा म्हणाले. "लोक म्हनतील आप्पाचा माल खोटा. चाळीस वर्षांचं नाव हाय. वाटलं, आपल्या आपन शोधू, गुपचूप बदलू. आज घावंल, उद्या घावंल." मग म्हणाले, "काल तुम्ही खाली बसला तवा मला कळलं, मी काय करत व्हतो ते."

मामांनी दांडा लालबुंद तापवून तीन घावांत वाकवला, तेलात विझवला. माझ्याकडे बघायचं दोघंही टाळत होते. दांडा असा बसलाय की कंपनीचा वाटावा. हे लिहितानाही मला राग येतो आणि तरी हे मान्य करावं लागतं.

आप्पांना दौंडला एसटीत बसवलं. आम्ही पाटसमार्गे सोलापूर रोडने पुण्याला आलो, हडपसरला नेहमीसारखे तासभर अडकलो. घरी पोचल्यावर मिलिंद विक म्हणाला नाही, मीही ओरिजिनल म्हणाले नाही. सईला तुटलेले तुकडे दाखवले. ती म्हणाली, "हा तर खडूसारखा तुटलाय." मी तिला किती तरी वेळ सोडलंच नाही, शेवटी तीच वैतागली. नाताळला कोकणात गेलो नाही, पुढे कधी तरी जाऊ.

ही पोस्ट लिहून झाल्यावर मी आप्पांना फोन करून वाचून दाखवली. त्यात त्यांचं नाव नव्हतं, गाव नव्हतं, 'शिरूर भागातले एक कारागीर' असं लिहिलं होतं. मला वाटलं, एवढं आपल्याकडून व्हावं. तुम्हाला काय करायचंय तेही लिहिलं होतं : तीसेक वर्षांच्या जीपला बाहेरून घेतलेला काळा ड्रॉप आर्म असेल तर भोकाजवळचा रंग खरवडा. खाली एकच ठिपका दिसला तर तो बिडाचा आहे.

पलीकडे बराच वेळ लेथ फिरल्याचा आवाज येत होता. मग तो बंद झाला.

"नाव घाला, ताई," आप्पा म्हणाले. "बिननावाचं वाचून जो तो म्हनंल, दुसऱ्या कुनाचा माल असंल, आपल्याला काय त्याचं. मारुतीआप्पा, निमोणे, असं घाला. आन् त्यांना सांगा, गाडी इकडं चालवत आनू नका. हाय तिथं उभी ठिवा, मी आर्म घेऊन येतो."