नमुन्यावरची तारीख

स्लायगोतल्या छापखान्यात मी कामाला लागले, त्या दिवशी मालकाने मला दोन गोष्टी सांगितल्या. चहा अकराला होतो, आणि तारीख कायम दोघांनी तपासायची. एकाने गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवरून मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून "बरोबर" म्हणायचं. मग ती लग्नाची असो नाहीतर मरणाची. "नाव चुकलं तर लोक माफ करतात," तो म्हणाला. "तारीख चुकली तर नातवंडांना सांगून ठेवतात."

मी इचलकरंजीची. तिथे कापडाच्या ताग्यांवर रंगीत लेबलं चिकटवत. मोर, विमान, कंदील धरलेली बाई. वडील कापडाच्या कारखान्यात होते. खराब छापली गेलेली लेबलं ते घरी आणत आणि मी ती वहीत लावून ठेवी. रंग सरकला असला की बाईचे ओठ गालावर जात. अक्षरांचा नाद मला त्या वहीतून लागला. पुण्यात कमर्शियल आर्ट शिकले, दोन वर्षं एका जाहिरात कंपनीत काढली, लग्न झालं आणि नवऱ्यामागोमाग आयर्लंडला आले. तो स्लायगोजवळ वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनिअर होता.

वर्षभर मी डब्लिनच्या डिझाइन स्टुडिओंना अर्ज करत होते. उत्तरं सभ्य असत, तुमची माहिती आम्ही फाइलला ठेवतो म्हणून. एकीने मुलाखतीला बोलावलं, माझी कामं चाळली, "किती रंगीत!" म्हणाली आणि विचारलं, "पण इथलं काही केलंय का?" इथे कोणी काम दिल्याशिवाय इथलं काम कुठून आणायचं, ते तिने सांगितलं नाही. शेवटी या छापखान्याने घेतलं आणि परमिटही काढलं. सहा महिने होतात न होतात तोच नवऱ्याला डब्लिनजवळ लिक्सलिपला, कॉम्प्युटरच्या चिपा बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली. तो तिथून जवळच, ओंगारला, पुण्याच्या तीन मुलांबरोबर राहू लागला आणि मी स्लायगोत. शुक्रवारी गाडीने तीन तास जायचं, रविवारी तीन तास यायचं. मला डब्लिनला काम मिळालं तरच हे संपणार होतं.

छापखान्याचं निम्मं पोट मेलेल्यांवर भरत असे. तिकडे माणूस गेल्यावर साधारण महिन्याने, आपल्याकडे मासिक घालतात तशी, त्याच्यासाठी चर्चमध्ये प्रार्थना होते. त्या सुमाराला घरचे लोक छोटी कार्डं छापून वाटतात. फोटो, नाव, तारीख, वय, एखादी प्रार्थना. लोक ती पाकिटात ठेवतात, आरशाच्या चौकटीत खोचतात. फोटो बहुधा कुणाच्या तरी लग्नातला असे. मृताच्या हातातला बिअरचा ग्लास काढायचा आणि शेजाऱ्याचा हात काढायचा, हे माझं काम. हात सहज निघे. खांद्यावर बोटं मात्र राहत, ती एकेक करून पुसावी लागत.

रोज ठरलेल्या वेळी स्थानिक रेडिओवर मृतांची नावं वाचत. मालक तेव्हा यंत्र बंद करून आवाज मोठा करी. नाव, गाव, दफन कधी. "हा आपल्याकडे येईल," तो म्हणे, किंवा, "हिच्या घरचे पलीकडच्या गावात छापतात." सुरुवातीला मला ते क्रूर वाटलं, मग सवय झाली.

कार्डं मात्र भयंकर दिसत. सोनेरी क्रूस, लिली, सूर्यास्त. मी रविवारी ओंगारला गेले नाही की गावच्या दफनभूमीत वही घेऊन फिरे आणि जुन्या दगडांवरची अक्षरं उतरवून घेई. काय अक्षरं होती! पाथरवटाला ओळीत जागा पुरली नाही की तो शेवटचं अक्षर वर चढवून बारीक कोरी, तरी ते शोभे. त्यावरून मी एक कार्ड बांधलं. सायीच्या रंगाचा कागद, फोटो लहान, नाव मोठं, बाकी कोरी जागा.

मालकाने ते बराच वेळ पाहिलं. "ग्रँड. पण नमुन्यावर खरं नाव हवं. एक्स-एक्स-एक्स लिहिलेलं कुणी विकत घेत नाही."

"एखादं इथलं नाव टाकते."

"इथलं कुठलंही नाव कुणाचं तरी असतं, पोरी. उद्या त्यांची आई दारात उभी राहील."

"आणि फोटो?"

"तेच. या जिल्ह्यात प्रत्येक चेहरा कुणाचा तरी मावसभाऊ आहे."

मग माझंच नाव टाकलं. त्या जिल्ह्यात ते दुसऱ्या कुणाचं असण्याची शक्यता नव्हती. परमिटसाठी काढलेला फोटो टाकला. राहिली तारीख. मागची कुठलीही तारीख कुणाच्या तरी मरणाची असणार. शिवाय नमुन्यांची वही दोन-तीन वर्षं चालते, जुनी तारीख शिळी दिसते, म्हणून मालक म्हणाला, पुढची टाक. मी निवडलेल्या टाइपात दोनचा आकडा फार देखणा होता, हंसाच्या मानेसारखा. म्हणून पुढच्या वर्षीचा वीस नोव्हेंबर टाकला. दोनाचे दोन आकडे आणि शून्यं, ओळ छान बसली. वय अठ्ठावीस. नियमाप्रमाणे मालकाने तारीख मोठ्याने वाचली, मी बोट ठेवून "बरोबर" म्हटलं. प्रत्येक पायरी शहाणपणाची होती. आज विचार केला तरी त्यात चूक कुठे झाली ते मला दाखवता येत नाही.

कार्ड चाललं. मालकाने त्याच्या प्रती जिल्हाभरच्या अंडरटेकरांना, म्हणजे अंत्यविधीची सोय करणाऱ्या दुकानांना दिल्या. लोक "त्या परदेशी मुलीच्या कार्डासारखं" म्हणून मागू लागले. एकदा एक म्हातारी काउंटरवर वही चाळत होती. माझ्या पानावर थांबली, छातीवर क्रूस केला आणि मलाच म्हणाली, "बिचारी. किती तरुण!" मग तिने वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं, आणि काही न घेता निघून गेली. मालक पोट धरून हसला. मीही हसले.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात डब्लिनच्या एका स्टुडिओचं पत्र आलं. तिथल्या भागीदार बाईंनी आपल्या मावशीच्या घरी माझं एक कार्ड पाहिलं होतं. त्यांना डिझायनर हवी होती, परमिटची त्यांची तयारी होती. मुलाखत वीस नोव्हेंबरला, गुरुवारी, दुपारी बाराला.

मी फोन करून दुसरा दिवस मागितला. दुसरा भागीदार परदेशात असतो, तो फक्त त्याच दिवशी इकडे आहे, असं उत्तर आलं.

तेव्हा सासूबाई तीन महिन्यांसाठी आलेल्या होत्या. त्या कराडजवळच्या खेड्यातल्या. मी स्टुडिओला न्यायची कामं ओंगारच्या बैठकीत मांडून बसले होते, त्यात ते कार्ड होतं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण फोटो आणि आकडे कळायला इंग्रजी कशाला?

"ह्ये काय गं?"

मी सांगितलं.

"जित्या माणसाचं असलं करत्यात व्हय? आणि ही तारीख कवाची?"

"येत्या गुरुवारची."

त्यांनी कार्ड पालथं घातलं. मग म्हणाल्या, "जाळ ते."

"आई, जाळून काय होणार? चाळीस ठिकाणी लागलंय. आणि आपल्याकडे कुणी मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं म्हणतात ना?"

"ते बोलल्यालं. बोलल्यालं वाऱ्यावर जातंय. हे छापलंय, बाई."

नवरा नुसताच पेपर चाळत राहिला. स्टेशनवर सोडायला आला तेव्हा म्हणाला, "माझा यावर अजिबात विश्वास नाही."

"मग?"

"मग काही नाही. पण विषाची परीक्षा कशाला? दुसरी मुलाखत येईल."

"दोन वर्षांत ही दुसरी आलीय. तू दिवसभर चिपा तपासतोस आणि मला हे सांगतोस?"

"म्हणून तर सांगतोय. लाखात एक खराब निघतेच."

नोव्हेंबर तिकडे मृतांचा महिना मानतात. घरातल्या गेलेल्यांची नावं लिहून चर्चमध्ये ठेवायची पाकिटं आम्ही ढिगाने छापत होतो. साडेचारला अंधार पडे. त्या आठवड्यात मी रस्ता ओलांडताना दोनदा बघू लागले. गॅस बंद केला का ते बघायला घरी परत गेले. मंगळवारी बोट कटरच्या पात्याजवळ गेलं तेव्हा मालक ओरडला, "ए पोरी! अजून दोन दिवस आहेत!" त्याने विनोद केला होता. मला हसू आलं नाही, आणि ते बघून त्याचाही चेहरा उतरला.

गुरुवारी सकाळी मी चांगला कोट घालून स्टेशनवर गेले. गाडी उभी होती. खिडकीपाशी बसले, कामं क्रमाने लागलीत का ते पाहायला पोर्टफोलिओ उघडला. सगळ्यात वर मीच होते. परमिटच्या फोटोत मी हसलेले नाही. गार्ड दारं लावत येत होता. मी उतरले.

या उतरण्याला मी पुढे बरीच नावं दिली, सासूबाईंचा मान राखला वगैरे. खरं एवढंच आहे की मी भ्याले.

स्टेशनच्या फोनवरून स्टुडिओला कळवलं की येऊ शकत नाही, घरात मृत्यू झाला आहे. हे वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं. पलीकडची मुलगी हळहळली. "अरेरे. कोण गेलं?"

"सासूबाई," मी म्हणाले.

तिथून छापखान्यात गेले. मालकाने माझ्याकडे आणि कोटाकडे पाहिलं आणि चहाचं पाणी वाढवलं. रेडिओवर नावं लागली तेव्हा त्याचा हात बटणाकडे गेला आणि मध्येच थांबला. "असू दे," मी म्हटलं. चार नावं होती. चौघंही ऐंशीच्या पुढचे. दुपारभर पाकिटं मोजून गठ्ठे बांधले. साडेतीनच्या सुमाराला बाहेर दिवे लागायला लागले आणि मला स्वतःची अशी काही लाज वाटली, की मी मागच्या खोलीत जाऊन तोंड धुऊन आले. सहाला दुकान बंद केलं. काही झालं नव्हतं.

स्टुडिओने सांत्वनाचं कार्ड पाठवलं. सोनेरी क्रूस, लिली. खाली लिहिलं होतं की जागा भरली आहे.

नवरा म्हणाला, "बरं झालं, उगाच टेन्शन." सासूबाईंना मी खरं सांगून टाकलं. "मला मारलीस व्हय?" त्या म्हणाल्या. "मार की. मी पिकल्यालं पान. पण त्या नोकरीवर पाणी सोडाया नको हुतंस." "पण तुम्हीच तर म्हणाला होतात," मी म्हटलं. "जाळ म्हणलं हुतं मी," त्या म्हणाल्या, "जाऊ नको कुणी म्हणलं?"

डिसेंबरात, नाताळच्या आधीच्या आठवड्यात, एक बाई दुकानात आली. माझ्याच वयाची, केस ओले, हातात पाकीट. बहिणीची कार्डं करायची होती. तिने वही चाळली आणि माझ्या पानावर बोट ठेवलं. "असं. हुबेहूब असंच."

नमुन्याची तारीख उलटून महिना झाला होता. ती बदलायचं माझ्या डोक्यात नव्हतं असं नाही. रोज उद्यावर ढकलत होते.

तिने चिठ्ठी दिली. नाव, जन्मगाव, वय एकतीस. तारीख वीस नोव्हेंबर.

"दुपारी गेली," ती म्हणाली. "साडेतीनला. हॉस्पिटलमध्ये." मग वहीतल्या कार्डाकडे आणि माझ्याकडे पाहिलं. "ही तुम्ही?"

"नमुना आहे," मी म्हणाले. "कुणाचं तरी नाव लागतं."

तिने तारीख वाचली असावी. "म्हणजे तुम्ही सुटलात," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जड गेलं. पाकिटातून तिने फोटो काढला. लग्नातला होता. बहिणीच्या खांद्यावर एक हात होता. "हा माझा," ती म्हणाली, "तो काढावा लागेल ना?"

"राहू दे," मी म्हटलं. "बसवते."

ती गेल्यावर मी माझ्या कार्डाची फाइल उघडली. नाव बदललं, वय बदललं, माझा फोटो काढून तिच्या बहिणीचा लावला, खांद्यावरची बोटं तशीच ठेवली. तारखेला हात लावावा लागला नाही. प्रुफ काढून काउंटरवर ठेवलं आणि मालकाला हाक मारली. त्याने चष्मा लावून चिठ्ठी उचलली, वार वाचला, थांबला, माझ्याकडे पाहिलं. मग दिवस, महिना, साल वाचलं, नेहमीपेक्षा हळू.

मी बोट ठेवलं आणि म्हटलं, "बरोबर."