दादाजींना मारलेली हाक

आळीत पोर जन्माला आलं की दादाजी माग थांबवायचे, धोतराला हात पुसायचे आणि बाळंतिणीच्या दारात जाऊन उकिडवे बसायचे. बाळाला हात लावायचे नाहीत. नुसते बघत राहायचे. कोणी विचारलं, "काय नाव ठेवता जी?" की म्हणायचे, "नाव बारशाले ठेवा. हाक मंग सापडते. घाई नोका करू."

आणि सापडायची हो! पवनीच्या आमच्या विणकरांच्या आळीत निम्मी पोरं दादाजींनी दिलेल्या हाकेनंच वाढली. शेजारचा पोरगा तासन्‌तास उंबरठ्यावर बसायचा, ना आत ना बाहेर. तो झाला उंबऱ्या. माझी लेक रांगत रांगत, गालाला मुरमुरा चिकटलेला, अशी त्यांच्या मागाखाली शिरली; ती मुरमुरी. शाळेत तिचं शकुंतला नाव घातलं, पण हजेरीला ती उठायचीच नाही. माझी बायको चिडली. "पोरीचं लगन कसं होईल जी अशा नावानं?"

दादाजी गंभीरपणे म्हणाले, "नवरदेवाले सांगू नोको."

तुमच्याही आळीत असं एखादं माणूस असेल. त्याला कोण कशी हाक मारतं, ते जरा बघून ठेवा. आम्ही बघितलं नाही. दादाजींची बायको जाऊन कैक वर्षं झाली होती, लेकरू नव्हतं. शेजारी म्हणून मी सकाळ-संध्याकाळ डोकावायचो. लहानथोर सगळ्यांचे ते दादाजीच.

फक्त आसगावची त्यांची मोठी बहीण वेगळी. बाजाराच्या दिवशी ती यष्टीतून उतरायची आणि आळीच्या तोंडाशीच ओरडायची, "ए शेपट्या! घरी हायेस का रे?" लहानपणी हा तिचा पदर धरून विहिरीवर, धानाच्या बांधीत, ती जाईल तिथे मागं मागं, म्हणून शेपट्या. साठीचा, पांढऱ्या मिशांचा माणूस हातातला मागाचा धोटा टाकून अनवाणी धावत सुटायचा. आम्ही पोट धरधरून हसायचो.

मग ती बहीण वारली. त्या वर्षी आळीतले माग एकेक करून बंद पडत होते. दादाजींचा चालू होता, पण मधेच थांबायचा. एका दुपारी मी गेलो तर नुसते बसलेले.

"दादाजी, बरं नाही का जी?"

"बरा हावो." मग खाली बघत म्हणाले, "तू मले एकडाव शेपट्या मनशील का?"

वडिलांच्या वयाचा माणूस! "कसं म्हणू जी? तुमी मोठे मानूस. तोंडातून निघतच नाही."

"हव, खरं हाय तुयं," म्हणाले आणि पुन्हा विणायला लागले.

खोटं कशाला बोलू, ते माझ्या मनातून जाईना. त्या माणसानं आजवर कोणाकडे काही मागितलं नव्हतं, आणि मी एवढंही दिलं नाही. आठवडाभर न्हाणीत तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. स्वतःचीच लाज वाटायची. शेवटी एका बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन परतताना आळीच्या तोंडाशी उभा राहिलो, डोळे मिटले आणि जीव खाऊन ओरडलो, "ए शेपट्या! घरी हायेस का रे?"

माग थांबला. दादाजी अनवाणी धावत बाहेर आले. चेहरा असा फुललेला! माझ्या शेजारून ते तसेच पुढे गेले, वळणापर्यंत. तिथे उभे राहून यष्टीच्या रस्त्याकडे बघत राहिले. रस्त्यावर कोणी नव्हतं.

बऱ्याच वेळानं वळले. "तू होय," म्हणाले. माझा उतरलेला चेहरा पाहून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बेस केलं बाप्पा. पन आता नोको मारू."

पुढे ते तीन वर्षं जगले. मी त्यांना दादाजीच म्हणत राहिलो. शेवटी त्यांच्या तिरडीला खांदा देताना ती हाक माझ्या ओठांपर्यंत आली होती. नको म्हणाले होते ना, गिळून टाकली.