स्वेच्छेचा नारळ

खात्याने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली, तेव्हा महाडच्या आमच्या टेलिफोन कार्यालयात पहिले काही दिवस कामाकडे कुणाचं लक्षच नव्हतं. जो तो शेजारच्याला विचारायचा, "तू भरणार का अर्ज?" मी कुणाला विचारलं नाही. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मधोमध रेघ मारली. डावीकडे राहण्याची कारणं, उजवीकडे सोडण्याची. मी भाजीसुद्धा यादीशिवाय आणत नाही.

डावी बाजू तशी भरभक्कम होती. उजवीकडे पेन्शन, वर मिळणारी सानुग्रह रक्कम, तिच्यातून फिटणारं घराचं कर्ज. आणि शेवटी, आबांचे डोळे.

आबा म्हणजे माझे वडील. पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी वाडीत एकटे राहतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. ऑपरेशनचा विषय काढला की म्हणायचे, "तुला रजा काढाया लागंल गो. पुढच्या वर्षी बघू." बांधावरून पडले तेव्हा मी रजा काढून गेले, तर पाय दुखतोय हे सांगायच्या आधी विचारलं, "सायेब काय बोलला नाय ना?"

मी अर्ज भरला. फोनवर सांगितलं, "आबा, मी नोकरी सोडतेय. स्वतःहून." ते "हूं" म्हणाले. मी यादीतल्या 'आबांना सांगणे' या ओळीवर बरोबरची खूण करून मोकळी झाले.

निरोपाच्या दिवशी आम्हा सगळ्यांना शाल आणि नारळ मिळाला. दुसऱ्या दिवशी ते घेऊन मी थेट वाडी गाठली. आबांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. त्यांनी तो बोटांनी चाचपला.

"दिला म्हंजी तुला नारळ."

"हो, सगळ्यांनाच दिला."

"सगळ्यांचं मला काय सांगतंस? माझ्यापायी रजा काढल्यास, म्हणून दिला."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कामावरून काढलं की आपल्याकडे 'नारळ दिला' म्हणतात, आणि मी तो नारळ माझ्या हाताने त्यांच्या हातात ठेवला होता. मी योजना समजावली, पेन्शन समजावली. जितकं बोलले तितकी त्यांची खात्री होत गेली की पोरगी झाकतेय. शाल काढून त्यांनी घडी घातली. भाकरीला हात लावला नाही.

"ऑपरेशन नाय करायचं," म्हणाले. "माझ्या डोळ्यांनी तुझी नोकरी खाल्ली."

यापुढे माझी यादी चालेना. शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीण माझ्याबरोबरच निवृत्त झाली होती. तिला फोन केला, तर बोलण्यापेक्षा रडणंच जास्त झालं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने बाई वाडीत हजर. पिशवीतून स्वतःचा नारळ काढून तिने आबांच्या मांडीवर ठेवला.

"आबा, हा माझा. मी तर कुणासाठी रजा काढली नव्हती."

आबांनी तोही चाचपला. "तुलापण काढलं?"

"काढतायत कसले! हिला काढायची कुणाची टाप होती? साहेबांचं पेन हरवलं तरी हिलाच हाक मारायचे. आबा, सरकारच मागे लागलं होतं. पैसे घ्या, पण जा बायांनो!"

"पैशे घ्या नि जा?" आबांना हसू आलं. "असली नोकरी मी नाय बघितली."

"आम्हीपण नाय बघितली. म्हणून तर लगेच सही ठोकली."

आबांनी तो नारळ बाजूला ठेवला. मग माझ्याकडे तोंड वळवून म्हणाले, "माझ्यासाठी सोडलीस?"

"तुमच्यासाठी. आणि माझ्यासाठीपण. कंटाळा आला होता आबा, फार कंटाळा आला होता."

हे मी तोवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"मंग रडतंस कशाला?" म्हणाले, आणि भाकरी मागितली. मैत्रिणीने तिचा नारळ पायरीवर फोडून चटणी वाटली.

योजनेनं सगळ्यांचंच भलं झालं असं नाही. आमच्यातले काहीजण अजून काम शोधतात. माझ्यापुरतं मात्र मी त्या योजनेची आणि त्या बाईची ऋणी आहे. आबांचे दोन्ही डोळे महाडला झाले, एकामागून एक, आणि दोन्ही वेळा मी कुणाला न विचारता दिवसभर त्यांच्यापाशी बसून होते.

पहिल्या डोळ्याच्या वेळी, पट्टी बांधून बाहेर बसलो असताना बाकावरच्या एका गृहस्थांनी आबांना विचारलं, "मुलगी काय करते?"

"काय नाय करत," आबा सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं म्हणाले. "सरकार पैशे देतंय तिला, काय करू नको म्हणून."

मग माझ्याकडे वळून, "जा गो, चहा आण. तुला काय काम हाय?"